आधी स्पेक (एपीआयचा, म्हणजे दोन प्रोग्रामांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा, लेखी आराखडा) की आधी कोड? (कालच्या 'वेगळी टूलं ही चैन आहे' या पोस्टला उत्तर)

कागदआधी: काल कुणीतरी लिहिलं, 'कोडवर अ‍ॅनोटेशन (माहितीच्या खुणा) टाका, स्वॅगर यूआय, म्हणजे एपीआयची माहिती दाखवणारं पान, आपोआप उगवतं. एपीआय डिझाइनला वेगळं टूल म्हणजे चैन.' प्रतिसाद लांबला म्हणून धागा काढला. अहो, आपोआप उगवतं ते गवत! आमच्या एकाच सर्व्हिसमध्ये एकाच गोष्टीची तीन नावं: युजरआयडी, युजर_आयडी आणि यूआयडी तिघंही सुखाने नांदत होते. तिघांचंही डॉक्युमेंटेशन बिनचूक. शेवटी स्पेक आधी लिहायला लागलो, सीआयमध्ये (प्रत्येक बदलाची आपोआप होणारी तपासणी) स्पेक्ट्रल या स्पेक तपासणाऱ्या टूलचे नियम लावले, प्रिझम या टूलने स्पेकवरूनच मॉक, म्हणजे नकली सर्व्हर, उभा केला. फ्रंटएंडवाले आता बॅकएंडची वाट बघत बसत नाहीत.

रात्रपाळी: तो 'कुणीतरी' मी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं. रात्री दोनला हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) जातो तेव्हा तुमची यामल फाइल (स्पेक ज्या फॉरमॅटमध्ये लिहिता ती) कोण उघडतं? फास्टएपीआय या पायथनच्या फ्रेमवर्कने कोडवरूनच काढलेला स्पेक निदान कोडशी खोटं बोलत नाही.

टेस्टिंगवाली: खोटं बोलत नाही?? आमच्याकडे अ‍ॅनोटेशनमध्ये ४०४ ('सापडलं नाही') होतं. सर्व्हर २०० ('सगळं ठीक') देऊन आत 'एरर' लिहून पाठवायचा. बग माझ्या नावावर.

यामलग्रस्त: यामलचा विषय निघालाच आहे तर ऐका. देशांच्या कोडची एनम यादी (एवढ्याच किमती चालतील अशी), अवतरणचिन्हांशिवाय. एनओ म्हणजे नॉर्वे. पार्सरने, म्हणजे फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामने, ते इंग्रजी 'नो' समजून त्याचा केला फॉल्स. दोन दिवस गेले हो, एका देशापायी.

कागदआधी: तो यामल १.१ चा दोष. १.२ ने २००९ मध्येच काढला. ओपनएपीआय हे स्पेक लिहायचं प्रमाणही १.२ च वापरा म्हणतं.

यामलग्रस्त: हे मला नका सांगू, पार्सरला सांगा. पायथनचं पाययामल १.१ च्याच नियमांनी वाचतं.

जुनाखोंड: मग यामल सोडा, जेसन या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये लिहा. ओपनएपीआयला चालतं.

यामलग्रस्त: जेसनमध्ये एक कमेंट (फक्त आपल्यासाठीची टीप) टाकून दाखवा, मग बोलू.

कागदआधी: स्पेकमध्ये डिस्क्रिप्शन नावाची जागा असते. वाचलाय का कधी स्पेक?

यामलग्रस्त: तुमच्याआधीपासून वाचतोय. 'हे फील्ड का ठेवलंय, सोमवारी विचारा' हे डिस्क्रिप्शनमध्ये लिहून ग्राहकाला दाखवू का?

रात्रपाळी: धागा टूलचा होता ना?

जुनाखोंड: टूलचंच सांगतो. सगळी कलेक्शन (एपीआय तपासायला साठवलेल्या विनंत्या) एका टूलमध्ये होती. एका सकाळी अपडेट आलं आणि माझ्याच मशीनवरच्या फाइली उघडायला लॉगिन मागू लागलं. तेव्हापासून स्पेकची फाइल गिटमध्ये (बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात), मग ती रेडॉकने दाखवा नाहीतर स्वॅगर यूआयने. आणि टूल विकायला येणाऱ्याला एकच विचारा: ओपनएपीआय ३.१ वाचतं का? ३.० मधलं नलेबल ('रिकामं चालेल' ही खूण) ३.१ ने २०२१ मध्ये काढून टाकलं. त्यावर 'हो, रोडमॅपवर आहे' म्हणाला की चहा पाजून पाठवा.

रात्रपाळी: बरं. बाहेरच्यांना द्यायचा एपीआय असेल तर स्पेक आधी, मान्य. आतल्या सात-आठ एंडपॉइंटसाठी (एपीआयच्या पत्त्यांसाठी) हा सोहळा? नो.

कागदआधी: अर्धं का होईना, मानलंत. उपकार झाले.

यामलग्रस्त: त्या 'नो'ला अवतरणचिन्हं लावा.