अनुभव धागा : स्वतः बांधलेला हायपरवायझर पहिल्यांदा उठला तेव्हा

परवा रामबागेत एका मुंजीच्या पंगतीत कळलं की शेजारी बसलेल्या तिघांनी कधी ना कधी झेन (हायपरवायझर, म्हणजे एकाच यंत्रावर अनेक ऑपरेटिंग सिस्टिम चालवणारा थर) सोर्समधून बांधलाय. प्रत्येकाची रड वेगळी. मठ्ठ्यापर्यंत तेच चाललं होतं, यजमान वैतागले. म्हणून हा धागा. तयार पॅकेज टाकून चालवलेलं नको. सोर्स उतरवून, कंपाइल करून, खऱ्या यंत्रावर बूट केलेलं लिहा. इंदूरबाहेरचेही या.

माझ्यापासून सुरुवात. 'मेक डिस्ट' झालं, 'मेक इन्स्टॉल' झालं, 'एक्सएल'ला (झेन हाताळायची कमांड) लायब्ररी सापडेना म्हणून 'एलडीकॉन्फिग' दिलं (सगळं /यूएसआर/लोकल खाली जातं ना), तेही मिटलं. रीबूट, लॉगिन, 'एक्सएल लिस्ट'. उत्तर काय, तर प्रिव्हिलेज्ड कमांड इंटरफेस मिळत नाही. 'प्रिव्हिलेज्ड' शब्द वाचला आणि मी परवानग्यांच्या मागे लागले. रूट, ग्रुप, डिव्हाइस फाइल. तीन रात्री. चौथ्या दिवशी ऑफिसातला एक ज्युनिअर म्हणाला, "ताई, पण बूट नक्की कोण झालंय?"

साधा लिनक्स झाला होता. ग्रबमध्ये (यंत्र सुरू होताना काय उठवायचं त्याची यादी दाखवतो तो) 10_लिनक्स ही स्क्रिप्ट 20_लिनक्स_झेनच्या आधी चालते, त्यामुळे झेनच्या ओळी खाली जातात, आणि कोणी हात लावला नाही तर पहिली ओळच उठते. तीन रात्री मी बिचाऱ्या लिनक्सला तो झेन का नाही म्हणून जाब विचारत होते. आता रीबूट झालं की आधी /सिस/हायपरवायझर/टाइप वाचते. तिथे 'झेन' दिसला की मग चहा.

जुनं_खोड : 2008, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, लोकमान्य नगरातलं घर. तेव्हा 'मेक वर्ल्ड' म्हटलं की हायपरवायझर, टूल्स आणि वर 2.6.18 चा पॅच केलेला कर्नल, सगळंच बांधायला बसायचं. मुख्य लिनक्सनं डॉम-झिरोची (झेनवर सगळ्यात आधी उठून बाकीच्यांना सांभाळणारी सिस्टिम) सोय पुरती आत घेतली ती 2011 साली, 3.0 मध्ये. रात्रभर पीसी घरघरायचा आणि बाबा दर तासाला येऊन विचारायचे, "संपलं का?" जूनमध्ये पहिल्या पावसात वीज गेली. आली तेव्हा मी ऐटीत पुन्हा 'मेक' दिलं, राहिलं तिथून सुरू होईल म्हणून. झालंही, पण लिंकर एका ऑब्जेक्ट फाइलवर अडून बसला. फाइल शून्य बाइटची! तारीख ताजी, म्हणून 'मेक'च्या लेखी ती तयार होती. सगळं पुसून परत पहिल्यापासून.

माझ्या प्रोसेसरला व्हीटी (व्हर्च्युअल मशीनसाठी प्रोसेसरमधलीच सोय) नव्हतं. त्यानं अडलं नाही. केंब्रिजमधून 2003 मध्ये झेन बाहेर पडला तेव्हा इंटेलचं व्हीटी बाजारात यायचं होतं. पाहुण्या (झेनवर चालणाऱ्या) कर्नललाच बदलून सांगितलेलं असायचं की हार्डवेअरला परस्पर हात लावायचा नाही, वरच्याला विचारायचं. विंडोजला असं कोण सांगणार? ती राहिली.

सराफ्यात_भेटू : माझं दोन ओळींचं. डॉम-झिरोला 2 जीबीच द्यायचे होते, म्हणून डॉम०_मेम हा पर्याय ग्रबमध्ये लिनक्सच्या ओळीत घातला. काहीच फरक नाही. भिया, झेनची ओळ वेगळी असते! दिवस गेला.

गोरखीकर : ग्वाल्हेरहून. माझा कर्नलही मीच बांधलेला, त्यामुळे चूक करायला दोन जागा. झेन निवडला की काळ्या पडद्यावर भराभर अक्षरं, आणि वाचेवाचेपर्यंत यंत्र परत सुरू. मोबाईलनं व्हिडिओ काढून थांबवत थांबवत वाचायचा प्रयत्न केला, हसू नका. शेवटी इंदूरला आलो असताना जेल रोडवरून यूएसबी-सिरीयल केबल घेतली. जुन्या डेस्कटॉपला कॉम-1 (सिरीयल पोर्ट) होतंच. झेनच्या ओळीत कन्सोल कॉम-1 वर वळवला, वेग 115200, जोडीला 'नोरीबूट', म्हणजे मेल्यावर तिथेच पडून राहतो. दुसऱ्या लॅपटॉपवर स्वच्छ वाचता आलं : पॅनिक, डॉम-झिरो उभाच करता आला नाही. कर्नलच्या कॉन्फिगमध्ये झेनचे पर्याय मी चालूच केले नव्हते.

जुनं_खोड : @गोरखीकर, केबल केवढ्याला पडली?

गोरखीकर : काका, केबल स्वस्तच. ती घ्यायला आलो म्हणून आत्याकडे तीन दिवस राहावं लागलं आणि रोज रात्री सराफ्यात खाणं, त्याचा हिशोब वेगळा.

सराफ्यात_भेटू : आणि आम्हाला एक फोन नाही!

नवशिकी_वैशालीनगर : मी अजून बूट केलेलं नाही, आधी व्हर्च्युअल मशीनच्या आत करून बघू का? लॅपटॉप एकच आहे आणि तो दादाचा आहे.

धागाकर्ती : दादाचा असेल तर आतच कर गं. केव्हीएमच्या (लिनक्समधलाच हायपरवायझर) आत झेन उठतो. पीव्ही पाहुणे (खोडकाकांनी सांगितले ते, बदललेल्या कर्नलचे) नेस्टिंगशिवायही, म्हणजे आतल्या मशीनला व्हीटी न देताही चालतात. एचव्हीएम (न बदललेले, व्हीटीवर चालणारे) हवे असतील तर नेस्टिंग लागेल, आणि इंटेलवर ते लिनक्स 4.20 पासून आपोआप चालू असतं. उठला की इथे येऊन लिही. आणि आधी ती टाइपची फाइल वाच.