एनआयडब्ल्यू: राष्ट्रीय महत्त्व विषयाचं की तुमच्या कामाचं?

गहूवाली, कॅन्सस
अमेरिकेत ईबी-2 या नोकरीवर आधारित ग्रीन कार्डच्या वर्गात नॅशनल इंटरेस्ट वेव्हर (एनआयडब्ल्यू, म्हणजे राष्ट्रहितासाठी मिळणारी सूट) मागणारे आपल्यातले बरेच संशोधक पहिल्याच कसोटीवर अडतात. धनसर या संशोधकाच्या अर्जावर डिसेंबर 2016 मध्ये इमिग्रेशन खात्याचा निकाल आला. तेव्हापासून नोकरीची ऑफर आणि लेबर सर्टिफिकेशन (या कामाला अमेरिकी माणूस मिळत नाही, असा कामगार खात्याचा दाखला) माफ व्हायला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात, आणि कामाचं भरीव मूल्य व राष्ट्रीय महत्त्व त्यात सगळ्यात आधी. माझ्या मते अट रास्त आहे. आपणच पुरावा भलत्या गोष्टीचा देतो.

मी गव्हावरच्या ब्लास्ट रोगावर काम करते. पहिल्या पिटिशनमध्ये अडीच पानं ‘गहू किती महत्त्वाचा’ यावरच खर्ची घातली होती. आरएफई, म्हणजे आणखी पुरावा मागणारं पत्र, आलं: गहू महत्त्वाचा खरा, पण तुम्ही नेमकं काय करणार? योग्यच प्रश्न होता. ती पानं काढून टाकली आणि लिहिलं, की हा रोग 1985 मध्ये ब्राझीलमध्ये दिसला आणि 2016 मध्ये बांगलादेशात पोचला. गव्हाची आजची प्रतिकारशक्ती मुख्यतः गुणसूत्राच्या 2एनएस या एकाच तुकड्यावर उभी आहे. तो निकामी झाला तर पुढे काय, यासाठी मी दुसरा स्रोत शोधतेय. सोबत दुसऱ्या राज्यातल्या ब्रीडरची, म्हणजे गव्हाचे नवे वाण तयार करणाऱ्याची, मेल जोडली: “तुमच्या या गव्हाच्या लाइन्सचं बी पेरणीआधी मिळेल का?” माझे पेपर किती जणांनी उद्धृत केले, त्या सायटेशनच्या तक्त्यापेक्षा ही एक ओळ मला मोलाची वाटते.

शून्यापासून
अभिनंदन, पण तुमच्याकडे दाखवायला रोग आहे, शेत आहे. मी शुद्ध गणितातला. आम्ही काय जोडायचं? 1966 मध्ये यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू वेगळा केला गेला. त्याच्या एन्झाइमवर पुढे पीसीआर, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायचं तंत्र, उभं राहिलं. झऱ्याकाठी उभ्या माणसाकडे तेव्हा राष्ट्रीय महत्त्वाचा कोणता पुरावा होता? ही अट मूलभूत संशोधनावर अन्याय करते.

गहूवाली, कॅन्सस
आर्थिक फायदा दाखवता आला नाही तरी शुद्ध विज्ञान चालतं, असं त्याच निकालात आहे.

शून्यापासून
ते ‘भरीव मूल्या’बद्दल आहे. राष्ट्रीय महत्त्व वेगळं दाखवावंच लागतं. माझे वकील विचारतात, “कोणता उद्योग हे वापरेल?” खोटं लिहायला हात धजत नाही.

वर्गातली बाई
मला तर शिकवण्याचं वाईट वाटतं. धनसर यांचं हायपरसॉनिक संशोधन ग्राह्य धरलं. शिकवणं मोलाचं आहे असं म्हणूनही त्याला राष्ट्रीय महत्त्व दिलं नाही, कारण त्यांच्या विद्यार्थ्यांपलीकडचा परिणाम दिसत नव्हता. उद्याचे संशोधक त्याच वर्गातून येतात ना!

गहूवाली, कॅन्सस
बाई, ते मलाही पटत नाही. पण गणितवाले दादा, खोटं मुळीच लिहू नका. उद्योगाचा नाद सोडा. तुमचं प्रमेय सुटेपर्यंत कोणाचं काम अडलंय, तेवढं लिहा. त्यांनाच पत्र मागा, तुमच्या गाइडच्या मित्रांना नको.

शून्यापासून
तशी तीन माणसं आहेत. एक कोडिंग थिअरीतला (माहिती चुकांशिवाय पाठवायचं गणित), त्याला मी कधी भेटलेलोही नाही. आज रात्री त्याला लिहितो. अट मात्र मला अजूनही अन्यायाचीच वाटते.