मुंबई शहर उत्तर, १९५२: डॉ. आंबेडकरांना मतपद्धतीने हरवले की मित्रपक्षाने?

भुईकोट (धागाकर्ते)

पहिल्या लोकसभा निवडणुकीचा विषय निघाला की आपल्या सोलापुरात चर्चा एका ठरलेल्या वळणावर जाते. मुंबईने बाबासाहेबांना पाडले आणि सोलापूरने त्यांच्या पक्षाचे पां. ना. राजभोज यांना निवडून दिले, असे सांगितले जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनला त्या वेळी देशभरातून लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, एक सोलापूरची आणि दुसरी करीमनगरची. मात्र त्यावरून सोलापूर कृतज्ञ आणि मुंबई कृतघ्न असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला मान्य नाही. बाबासाहेबांचा पराभव मुख्यतः द्विसदस्य मतदारसंघाच्या पद्धतीमुळे झाला, असे माझे मत आहे.

'मुंबई शहर उत्तर' हा मतदारसंघ आज अस्तित्वात नाही. १९५२ मध्ये तो दोन सदस्यांचा होता, एक सर्वसाधारण जागा आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. १९५७ मध्ये तो एकसदस्यीय झाला आणि तेथून व्ही. के. कृष्ण मेनन निवडून आले; १९६२ मध्ये त्यांनी तेथेच आचार्य कृपलानींचा पराभव केला. १९६७ च्या पुनर्रचनेत मुंबईतील मतदारसंघांच्या नावांमधून 'शहर' गेले आणि हे नावही संपले.

१९५२ चे आकडे असे आहेत. काँग्रेसचे विठ्ठल बाळकृष्ण गांधी १,४९,१३८, फेडरेशनचा मित्रपक्ष असलेल्या समाजवादी पक्षाचे अशोक मेहता १,३९,७४१, काँग्रेसचे राखीव जागेचे उमेदवार नारायण सदोबा काजरोळकर १,३८,१३७, फेडरेशनचे डॉ. आंबेडकर १,२३,५७६; कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे ९६,७५५. म्हणजे आंबेडकर १४,५६१ मतांनी हरले. येथे थोडे थांबून पाहावे: मेहतांना काजरोळकरांपेक्षा १,६०४ मते जास्त मिळूनही ते पराभूत ठरले, कारण अनुसूचित जातीच्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणाऱ्याला राखीव जागा आधी दिली जात असे आणि उरलेली जागा नंतर बाकीच्यांतल्या पहिल्याला मिळत असे.

प्रत्येक मतदाराला दोन मते होती, पण ती एकाच उमेदवाराला देता येत नव्हती. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत मुंबईचा नियम उलट होता. तेव्हा मतदार आपली सगळी मते एकाच उमेदवाराच्या पदरात टाकू शकत असे, आणि त्या निवडणुकीत आंबेडकरांनी भायखळा-परळ भागातून नामवंत क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना १३,२४५ विरुद्ध ११,२२५ असे हरवले होते. ज्या समाजाची संख्या थोडी पण एकजूट मोठी, त्याच्या हातातले हे साधन नव्या नियमाने काढून घेतले आणि त्याच्या नेत्याचे भवितव्य इतरांच्या दुसऱ्या मतावर टांगून ठेवले. असल्या रचनेत व्यक्तींना दोष देण्यात काय अर्थ आहे?

जुनी गिरणी

भुईकोटसाहेब, आकडे आपण चोख दिलेत, पण त्यांतला एक आकडा वाचून पुढे निघून गेलात. डांगे यांची ९६,७५५ मते! कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना दुसरे मत कोणालाही न देता कुजवण्यास सांगितले, अशी तक्रार आंबेडकर आणि मेहता या दोघांनी निकालाला आव्हान देणाऱ्या निवडणूक अर्जात केली होती आणि बाद ठरलेल्या मतपत्रिकांचा आकडा ७४,३३३ असल्याचे त्यात म्हटले होते. अर्ज फेटाळला गेला, हे मला ठाऊक आहे. तरीही डांग्यांच्या शंभर मतदारांपैकी पंधरा-सोळा जणांनी आपले दुसरे मत आंबेडकरांच्या हत्ती या चिन्हाच्या पेटीत टाकले असते, तर निकाल फिरला असता. डांगे आणि आंबेडकर हेच दोन नेते १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्धच्या संपात खांद्याला खांदा लावून उभे होते. चौदा वर्षांत गिरणगावातला हा माणूस त्याच कामगारांना सांगू लागला की मत वाया गेले तरी चालेल, पण आंबेडकरांना जाऊ नये. याला पद्धतीचा दोष म्हणणे म्हणजे कर्त्याला मोकळे सोडणे आहे.

भुईकोट

अर्जातील ७४,३३३ हा आकडा या विषयावर नेहमी फेकला जातो, म्हणून त्याचा हिशेब एकदा नीट मांडतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६३ व्या कलमानुसार एखाद्याने दोन्ही मते एकाच उमेदवाराला दिली, तर त्यातले एक मोजायचे आणि दुसरे बाद करायचे. फेडरेशनच्या मतदाराने दोन्ही पत्रिका हत्तीच्याच पेटीत टाकल्या असतील, तर आंबेडकरांना त्यांचे एक मत मिळालेच. नुकसान झाले असेल तर ते मेहतांचे. आणि डांग्यांच्या मतदाराने दोन्ही पत्रिका डांग्यांच्या पेटीत टाकल्या असतील, तर त्यातली बाद झालेली पत्रिका एरवी आंबेडकरांनाच मिळाली असती, हे आपण कशावरून ठरवता? बाद मते पराभवाच्या फरकाच्या पाचपट होती, एवढ्यावरून ती आंबेडकरांच्या खात्यात जमा करता येत नाहीत.

आणि कम्युनिस्टांनी ती द्यावीत तरी का? फेडरेशनच्या जाहीरनाम्यातच कम्युनिस्ट पक्षाशी युती करणार नाही, असे स्वच्छ लिहिलेले होते. ज्याला दारातून परत पाठवले, त्याने मागच्या दाराने येऊन मदत करावी, ही अपेक्षा मला राजकीयदृष्ट्या भाबडी वाटते.

जुनी गिरणी

मदत न करणे वेगळे आणि मत वाया घालवा असे सांगत फिरणे वेगळे. पहिला पक्षाचा हक्क आहे. दुसरा लोकशाहीच्या मुळावर येणारा प्रकार आहे, मग तो कायद्याच्या चौकटीत बसत असो वा नसो.

पूर्व भाग

आपण दोघेही परक्यांच्या मतांवर भांडत आहात आणि घरच्या मतांचा हिशेब कोणी मागत नाही. फेडरेशनची युती समाजवाद्यांशी होती. मेहतांना १,३९,७४१ आणि आंबेडकरांना १,२३,५७६, म्हणजे फरक १६,१६५ मतांचा. याचा अर्थ असा की मेहतांना मत देणाऱ्यांपैकी किमान १६,१६५ जणांनी आपले दुसरे मत आंबेडकरांना दिले नाही. किमान म्हणण्याचे कारण उघड आहे: ज्यांनी आंबेडकरांना दिले पण मेहतांना दिले नाही, असे जेवढे असतील तेवढी ही संख्या आणखी वाढते. हा आकडा पराभवाच्या फरकापेक्षा मोठा आहे. आंबेडकरांना मेहतांइतकीच मते पडली असती, तर काजरोळकर १,६०४ मतांनी पडले असते.

हा केवळ मुंबईपुरता अपघात होता असे म्हणावे, तर १९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक आठवावी. तीही दोन जागांची होती, तेथेही समाजवाद्यांच्या बाजूने अशोक मेहताच उभे होते. मेहता सर्वसाधारण जागेवर निवडून आले आणि राखीव जागेवर आंबेडकरांना काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांनी ८,३८१ मतांनी हरवले. फेडरेशनच्या मतदारांनी युती पाळली आणि सवर्ण मतदारांनी पाळली नाही, असा याचा अर्थ मी लावतो. डांग्यांचा प्रचार भंडाऱ्यात निर्णायक होता, असे तर कोणी म्हणणार नाही ना? दोष पद्धतीला द्या किंवा कम्युनिस्टांना द्या, जात मात्र दोन्ही वेळा सुटून जाते.

सिद्धेश्वर पेठ

पूर्व भाग यांचा भंडाऱ्याचा मुद्दा वजनदार आहे, पण मुंबईचा हिशेब त्यांनी अर्ध्यावर सोडला आहे. तीच वजाबाकी काँग्रेसच्या जोडीवर करून पाहावी. गांधी आणि काजरोळकर यांच्या मतांत ११,००१ चा फरक आहे, म्हणजे काँग्रेसच्या किमान तेवढ्या मतदारांनीही आपल्याच पक्षाच्या दलित उमेदवाराला मत दिले नाही. हा रोग दोन्ही घरांत होता. समाजवाद्यांच्या घरात ५,१६४ मतांनी अधिक. आता असे गृहीत धरू की समाजवाद्यांची गळती काँग्रेसइतकीच, म्हणजे ११,००१ मतांचीच झाली असती. तर आंबेडकरांची मते १,२८,७४० झाली असती आणि तरीही ते ९,३९७ मतांनी हरले असते. स्वतः मेहता गांधींपेक्षा नेमके इतक्याच मतांनी मागे होते. सरळ भाषेत सांगायचे तर समोरची जोडी जास्त ताकदीची होती. काँग्रेसच्या दोघांची बेरीज २,८७,२७५ होते आणि या दोघांची २,६३,३१७. स्वातंत्र्यानंतरची पहिलीच निवडणूक, नेहरूंची ती लोकप्रियता आणि बैलजोडी या काँग्रेसच्या चिन्हाची घराघरांत झालेली ओळख या गोष्टी बाजूला ठेवून आपण गद्दार शोधत बसलो आहोत.

भुईकोट यांच्या मूळ मांडणीलाही माझा आक्षेप आहे. ज्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात एका उमेदवाराला एकच मत हा नियम आहे, त्याचे विधेयक कायदामंत्री या नात्याने खुद्द आंबेडकरांनीच संसदेत पुढे नेले होते. पद्धतीने त्यांचा घात केला असे म्हणताना एवढे तरी लक्षात ठेवायला हवे.

भुईकोट

मंत्री मंत्रिमंडळाचे विधेयक मांडतो, त्यातला प्रत्येक नियम त्याच्या पसंतीचा असतो असे नाही. पुणे करारानंतर एकाच उमेदवाराला सर्व मते देण्याची मुभा मिळावी म्हणून आग्रह धरणारे आंबेडकरच होते, आणि १९५१ च्या सप्टेंबरमध्ये हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर याच मंत्रिमंडळातून बाहेर पडणारेही तेच होते.

पूर्व भाग आणि सिद्धेश्वर पेठ यांच्या वजाबाक्यांमुळे माझाच मुद्दा बळकट होतो. जातीमुळे दुसरे मत गळते हे दोघेही मान्य करता. मग ज्या पद्धतीत दलित उमेदवाराचे यश याच गळक्या मतावर अवलंबून ठेवले होते, ती पद्धत दोषी नाही कशी?

पूर्व भाग

कारण त्याच पद्धतीने आपल्या सोलापुरात राजभोज निवडून आले! येथेही दोन जागा होत्या, येथेही दोन मते होती, येथेही बैलजोडी होती. शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे सर्वसाधारण जागेवर आणि फेडरेशनचे राजभोज राखीव जागेवर, अशा दोन्ही जागा काँग्रेसच्या हातून गेल्या. राजभोज हे फेडरेशनचे सरचिटणीस असले तरी त्यांच्या नावाचे वलय बाबासाहेबांच्या जवळपासही नव्हते. तरीही येथे जे जमले ते मुंबईत जमले नाही. नियम सारखा, निकाल वेगळा, तेव्हा कारण नियमाबाहेर शोधावे लागते. माझ्या मते ते शेतकरी कामगार पक्षाच्या खेड्यापाड्यांतील मतदारात आणि मुंबईच्या समाजवादी मध्यमवर्गात होते. पहिल्याने दिलेला शब्द पाळला, दुसऱ्याने भाषणाला टाळ्या वाजवल्या.

जुनी गिरणी

हे मात्र फार सोयीचे झाले. खेड्यातला सवर्ण शेतकरी जात विसरला आणि दादरचा शिक्षक विसरला नाही, यावर माझा तरी विश्वास बसत नाही. सोलापुरात काँग्रेसवरचा रोष जास्त होता आणि विरोधकांची मते मुंबईसारखी तिकडे-इकडे फुटली नाहीत, एवढे कारण मला पुरेसे वाटते. मुंबईत ती फुटली, कारण डांगे वेगळे उभे होते. फिरून पुन्हा तेथेच येतो आपण.

सिद्धेश्वर पेठ

डांग्यांचा विषय पुरता मिटवायचा तर १९५७ पाहावे लागेल. त्या वर्षी 'मुंबई शहर मध्य' हा नवा द्विसदस्य मतदारसंघ होता. संयुक्त महाराष्ट्र समितीकडून सर्वसाधारण जागेवर स्वतः डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळुजी माने उभे राहिले आणि दोघेही निवडून आले. पाच वर्षांपूर्वी ज्या मतदारांना दुसरे मत कुजवायला सांगितल्याचा आरोप झाला, त्याच गिरणगावाने या वेळी दुसरे मत फेडरेशनला दिले. बाबासाहेब ते पाहायला नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले होते. पद्धत तीच, जातीही त्याच. बदलली होती ती राजकीय आघाडी. म्हणून माझे म्हणणे असे की १९५२ मध्ये दोष ना नियमाचा होता ना एकट्या डांग्यांचा, तर काँग्रेसविरोधी पक्षांना एकत्र आणू शकेल असा प्रश्न तेव्हा कोणाच्याच हातात नव्हता.

एक गोष्ट भुईकोट यांच्यासाठी. ही पद्धत रद्द झाली ती दलित उमेदवार हरतात म्हणून नव्हे. १९५७ मध्ये आंध्रातील पार्वतीपुरम येथे दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांनी जिंकल्या आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले; ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५९ मध्ये तेथेही हरले. त्यानंतर १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघ संपुष्टात आले. सर्वसाधारण जागाही हातची जाऊ शकते हे दिसल्यावर पद्धत गैरसोयीची वाटू लागली, हा योगायोग मला तरी फारसा निरागस वाटत नाही.

भुईकोट

पार्वतीपुरमचा दाखला चांगला आहे, पण तो माझ्या विरोधात जात नाही. जी पद्धत एका ठिकाणी आंबेडकरांना आणि दुसऱ्या ठिकाणी गिरींना पाडते, तिच्यात मतदाराची पहिली पसंती कोणती हे कळण्याची सोयच नाही. दोन्ही मते समान वजनाची, त्यामुळे मनापासून दिलेले आणि युतीखातर दिलेले मत मोजणीत एकच. १९५७ मध्ये माने यांना मिळालेली मते समितीची किती आणि फेडरेशनची किती, हे म्हणूनच तुम्ही सांगू शकणार नाही, आणि राजभोज यांच्याबाबत पूर्व भाग यांनाही ते सांगता येणार नाही.

पूर्व भाग

मला सांगता येणार नाही, हे खरे. पण मग एकसदस्य राखीव मतदारसंघात तरी ते कोठे कळते? २००९ पासून आपले सोलापूर राखीव आहे. तेव्हापासून येथे प्रत्येक प्रमुख पक्षाला अनुसूचित जातीचाच उमेदवार द्यावा लागतो आणि निकाल ठरतो तो बाकीच्या समाजांच्या मतांवर. १९५२ मध्ये निदान फेडरेशन आपल्या नावाने आणि आपल्या चिन्हावर निवडून येऊ शकत होते. पद्धत गेल्यावर ती शक्यता वाढली की घटली, एवढ्याचे उत्तर भुईकोट यांनी द्यावे; त्याशिवाय १९५२ चा सगळा दोष दोन मतांवर टाकणे मला पटणार नाही.