प्रति: रेडिएशननंतर दात काढणं

तोंडाच्या भागाच्या रेडिएशनला चार वर्षं झाली, आता दाढ काढायला हरकत नसावी, असं एकाने लिहिलंय. थांबा जरा.

आमचे मामा इंदूरला रामबागेत राहतात. जिभेच्या कॅन्सरचं रेडिएशन होऊन पाच वर्षं झाली होती. खालची दाढ हलायला लागली, जवळच्या डेंटिस्टने काढून टाकली. त्याने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. तीन महिने जखम भरेना. टॉर्च मारला की पिवळट हाड उघडं दिसायचं. पोह्यांवरचा तिखट मसाला, जीरावन, सुटला, याचं दुःख इंदूरकरालाच कळेल!

रेडिएशनने हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या जातात, त्या वर्षं उलटली म्हणून परत येत नाहीत. खालच्या जबड्याला रक्तपुरवठा मुळातच कमी, त्यात ६० ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशनचा डोस मोजायचं एकक) वर डोस असेल तर धोका जास्त. मामांना पेंटॉक्सिफायलिन (रक्तप्रवाह सुधारणारं औषध) आणि व्हिटॅमिन ई दिलं, शिवाय क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या. एके दिवशी तांदळाएवढा हाडाचा कण हातात आला, मग हळूहळू हिरडी मिटली. नशीब म्हणायचं. जबडा मोडला असता तर पायाचं फिब्युला हाड काढून बसवायची मोठी सर्जरी होती.

ऑक्सिजन चेंबरबद्दल (जास्त दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन देतात ती बंद खोली) कुणीतरी विचारलंय. २०१९ च्या ब्रिटनमधल्या ट्रायलमध्ये, दात काढताना आधी-नंतर चेंबरमध्ये बसवून हाड उघडं पडण्याचा हा त्रास टळतो असं काही दिसलं नाही. मी तरी त्यावर पैसे घालवण्याआधी दोनदा विचार करीन.

दाढ रूट कॅनालने वाचतेय का ते आधी बघा, आणि जाताना रेडिएशनची फाइल घेऊन जा.