मदत हवी आहे: बोन्सायच्या ट्रेमध्ये बेडूक मातीत शिरून बसतो, झाड हलायला लागलंय

नमस्कार मंडळी. आमचं घर देवगड तालुक्यात, सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर. पडवीबाहेर चिऱ्याच्या वीतभर उंच कट्ट्यावर माझी ११ बोन्साय आहेत. वड, उंबर, चिंच आणि सगळ्यात जुनं एक नांद्रुक. ते बाबांनी विहिरीच्या कठड्याच्या फटीतून अलगद सोडवून आणलं, तेव्हा करंगळीएवढं होतं. आता बुंधा मनगटाएवढा झालाय. ट्रे मात्र चारच बोटं खोल.

मृगाचा पाऊस लागला आणि चार दिवसांनी सकाळी पाहते तर शेवाळ उलटंपालटं, माती कट्ट्यावर सांडलेली. उंदीर असेल म्हणून पिंजरा लावला, काही सापडलं नाही. शेवटी पहाटे चारला टॉर्च घेऊन पडवीत बसले. लिंबाएवढा एक गोलमटोल बेडूक आला आणि ट्रेमध्ये बुंध्याला टेकून बसला. मग तोंड माझ्याकडेच ठेवून, मागचे पाय आळीपाळीने हलवत, मागच्या मागे मातीत उतरत गेला. शेवटी नुसते दोन डोळे वर राहिले. तेही मिटले आणि वरची माती आपोआप सारखी झाली. इथे बेडूक आहे हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

तीन वेळा उचलून आगरात सोडला, तिन्ही वेळा परत आला. बारीक मुळं तुटलीत, बुंधा हाताने हलतो, सात-आठ पानं पिवळी पडली. शेजारी म्हणतात मीठ टाका, कुणी म्हणतं चुना, कुणी डांबराच्या गोळ्या. मला त्याला मारायचं नाही. आईला वेगळीच काळजी आहे, कारण कट्ट्याखाली दोनदा नानेटी साप दिसला. नानेटी बिनविषारी असते हे तिलाही ठाऊक आहे, पण बेडकांमागून आणखी काय काय येईल याची धास्ती वाटते.

झाड आत्ताच काढून नव्या मातीत लावू का? आणि हा परत येऊ नये म्हणून काय करू? कृपया लवकर सांगा, झाड बाबांच्या हातचं आहे.

प्रतिसाद:
ताई, आधी मीठ, चुना, डांबराच्या गोळ्या डोक्यातून काढा. बेडूक कातडीतूनच पाणी घेतो, त्यामुळे मातीत जे टाकाल ते थेट त्याच्या अंगात जातं. शिवाय मिठाने नांद्रुकाची उरलेली मुळंही जातील.

तो मुळं खात नाही. खातो मुंग्या, वाळवी, किडे. तुमच्याकडे सगळा जांभा कातळ, भुसभुशीत ओली माती कुठे मिळणार त्याला? तुमच्या ट्रेमध्येच. म्हणून नुसता उचलून सोडलात तर तो परत येणारच, त्याला दुसरं घर द्या. फुटका माठ सावलीत आडवा अर्धा पुरा, आत वाळू, शेणखत आणि पालापाचोळा भरा, ओल धरून ठेवा. संध्याकाळी ओल्या हाताने उचलून तिथे ठेवा.

डोळ्यांमागे लांबट फुगवटे आणि अंग खरखरीत असेल तर तो भेक. त्या फुगवट्यांतून पांढरा चीक येतो, तो डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात साबणाने धुवा, घरात कुत्रा असेल तर लांब ठेवा. हात लावल्याने चामखीळ येतो ही समजूत मात्र खोटी. अंग गुळगुळीत आणि मागच्या टाचेला फावड्यासारखा कडक गोळा असेल तर तो मातीत बिळं करणारा बेडूक. तुम्ही सांगताय त्यावरून हाच वाटतो.

झाड आता उपटू नका. सैल झालेल्या जागी चिऱ्याचा चुरा आणि माती बांबूच्या काडीने हलके ठासा, बुंधा तारेने ट्रेला बांधा, तीन आठवडे सावलीत ठेवा, खत अजिबात नको. मातीवर लोखंडी जाळी बुंध्याभोवती कापून बसवा. नायलॉनची सैल जाळी वापरू नका, तिच्यात साप अडकून मरतात. आमच्याकडे एक धामण अशीच गेली, सोडवेपर्यंत उशीर झाला होता.

मूळ धागाकर्ती:
खूप आभार, दादा. टाच पाहिली, गोळा आहे. माठ विहिरीशेजारी पुरला. पहिल्या रात्री तो परत ट्रेपाशी आला, जाळीवर बराच वेळ बसून राहिला, मलाच वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी माठातला पाचोळा एका जागी उकरलेला दिसला. हात घातला नाही.

नांद्रुकाची पानगळ थांबली आहे. बुंध्याशी, जांभ्याला चिकटून, दोन पांढरी मुळं फुटली आहेत.

एकच विचारायचं राहिलं. काल उंबराच्या ट्रेमध्ये सुपारीपेक्षाही लहान पिल्लू दिसलं, ते या जाळीतून सहज आत गेलं. त्याच्यासाठी बारीक जाळी घेतली तर पावसात वरची माती चिकट होऊन कुजेल का?