अनुभव धागा: वेबसाइटवरच्या साधनांमुळे तुमच्या छोट्या व्यवसायातले कोणते काम खरोखर कमी झाले?

धागाकर्ती (छपाई आणि पुस्तकबांधणी)

चौकशीचा फॉर्म, वेळ ठरवण्याचे कॅलेंडर, ऑनलाइन दुकान, बिले पाठवणारी सेवा, आपोआप जाणारे ई-मेल अशी साधने आता जवळपास कोणत्याही संकेतस्थळाला जोडता येतात, आणि त्यांच्या माहितीपत्रकांत ‘वेळेची बचत’ हे शब्द हमखास असतात. ही बचत प्रत्यक्षात कुठे झाली, हे एक-दोन किंवा फार तर पाच-सात माणसांवर चालणाऱ्या व्यवसायांकडून समजून घ्यावे, यासाठी हा धागा काढला आहे. साधनाचे नाव सांगितले नाही तरी चालेल. परंतु ते येण्यापूर्वी काम कसे होत असे, नंतर कसे होऊ लागले आणि त्या साधनाने स्वतःचे असे कोणते नवे काम मागे लावले, हे कृपया लिहावे.

सुरुवात माझ्यापासून करते. पानांची संख्या, आकार, कागदाची जाडी, रंगीत पाने, बांधणीचा प्रकार आणि प्रती एवढे कळल्याशिवाय छपाईचा दर काढता येत नाही. चौकशी मात्र ‘पुस्तक छापायला किती खर्च येईल?’ अशी एका ओळीची असते आणि उरलेली माहिती गोळा करण्यात दोन्ही बाजूंचा वेळ जातो. संकेतस्थळावर चौकशीचा फॉर्म आल्यापासून ही उलटतपासणी बरीचशी थांबली, कारण उत्तरे थेट एका तक्त्यात जमा होतात आणि दरपत्रक त्याच तक्त्यावरून तयार होते. त्यात सर्वांत उपयोगी ठरला तो ‘माहीत नाही, तुम्हीच सुचवा’ हा पर्याय. कागदाची जाडी बहुतेक ग्राहकांना ठाऊक नसते, आणि प्रश्न सक्तीचा असला की माणूस पुढे जाण्यासाठी काहीही निवडतो. असे खोटे उत्तर कोऱ्या जागेपेक्षा अधिक त्रास देते. हस्तलिखिताची फाइल मात्र फॉर्ममधून मागवत नाही. गूगल फॉर्म्समध्ये फाइल जोडण्याचा प्रश्न घातला की उत्तर देणाऱ्याला गूगल खात्यातून लॉगिन करावे लागते, आणि पहिल्याच भेटीत अनोळखी माणसाकडून तेवढी अपेक्षा करणे मला प्रशस्त वाटले नाही. फाइलसाठीचा दुवा दर मान्य झाल्यावर पाठवते.

प्रतिसाद: उपकरणांची दुरुस्ती

आमच्याकडे ग्राहकाने वेळ ठरवून उपकरण आणून द्यायचे असते, त्यामुळे बुकिंगचे कॅलेंडर हे पहिले साधन. येथे एक तांत्रिक फरक सविस्तर सांगणे आवश्यक वाटते, कारण बहुतेक घोटाळे तेथेच होतात. दोन कॅलेंडरे जोडण्याचे दोन मार्ग असतात. एका मार्गात बुकिंगच्या साधनाला आपल्या कॅलेंडरमध्ये वाचण्याची आणि लिहिण्याची परवानगी दिली जाते, आणि नवी नोंद जवळजवळ लगेच दोन्हीकडे दिसते. दुसऱ्या मार्गात केवळ एक आयकॅल दुवा (ज्यावरून कॅलेंडर फक्त वाचता येते असा वेबपत्ता) घेऊन त्याची सदस्यता घेतली जाते. हा दुवा ठरावीक अंतराने पुन्हा वाचला जातो आणि त्या दोन वाचनांमध्ये काही तासही जाऊ शकतात. वरवर पाहता दोन्ही मार्ग ‘जोडलेले’ असेच दिसतात. पण दुसऱ्या मार्गात सकाळी फोनवर दिलेली वेळ दुपारपर्यंत संकेतस्थळावर मोकळी दिसू शकते आणि तीच वेळ दुसरा ग्राहक घेतो. म्हणून साधन निवडताना मी सर्वप्रथम हे जोडणीचे स्वरूप विचारतो. रंग, बोधचिन्ह वगैरे नंतर.

दोन भेटींमधली मोकळी जागा आणि किती तास आधीपर्यंत वेळ घेता येईल याची मर्यादा, या दोन गोष्टी घातल्याशिवाय कॅलेंडर खुले करू नये. तरीही आमच्याकडचे फोन कमी झाले ते कॅलेंडरमुळे नव्हे. ‘झाले का काम?’ हा प्रश्न विचारणारे फोन सर्वाधिक असत; आता पावतीवरचा क्रमांक टाकला की ‘तपासणी चालू’, ‘सुट्या भागाची प्रतीक्षा’, ‘तयार’ यांपैकी एक स्थिती दिसते आणि ती आम्ही कामाच्या टेबलावरूनच बदलतो. स्थिती वेळच्या वेळी बदलली नाही, तर फोन दुपटीने येतात, ही या साधनाची अट आहे.

प्रतिसाद: यंत्रांच्या सुट्या भागांची विक्री

आमची विक्री काउंटरवरही होते आणि ऑनलाइनही. ऑनलाइन दुकान वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीवर वूकॉमर्स हे दुकानाची सोय देणारे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) बसवून उभारले आहे. साठ्याची नोंद दोन ठिकाणी ठेवायची नाही, हा निर्णय तंत्रज्ञानापेक्षा शिस्तीचा होता: काउंटरवरची विक्रीही त्याच प्रणालीत ऑर्डर म्हणून नोंदवली जाते, मग ग्राहक समोर उभा असला तरी. प्रत्येक भागाला आमचा स्वतःचा सांकेतिक क्रमांक दिलेला आहे आणि कपाटाच्या खणावरही तोच लिहिला आहे. उत्पादकाचा क्रमांक बदलतो, त्याच मापाचा भाग दुसऱ्या नावाने येतो. आपला क्रमांक मात्र आपल्या हातात राहतो.

वूकॉमर्स वापरणाऱ्यांनी एक सेटिंग अवश्य पाहावे. ग्राहकाने ऑर्डर दिली परंतु पैसे भरले नाहीत, तर तो माल किती मिनिटे राखून ठेवायचा हे तेथे ठरते. मूळची मर्यादा ६० मिनिटांची आहे, आणि ती उलटली की ऑर्डर रद्द होऊन माल पुन्हा विक्रीस खुला होतो. ज्या भागाचा एकच नग शिल्लक असतो, त्याच्या बाबतीत हा तास फार मोठा असतो. ‘साठा कमी आहे’ ही सूचना मूळ रचनेत २ नगांवर येते. पण पुरवठादाराकडून यायला महिना लागणाऱ्या भागाला आणि दुसऱ्या दिवशी मिळणाऱ्या भागाला एकच उंबरठा ठेवण्यात अर्थ नाही, म्हणून आम्ही तो मालानुसार वेगवेगळा ठेवला आहे.

शेकडो वस्तूंची यादी एकदम चढवायची असेल, तर ती सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर-फाइलमधून) चढवता येते. ही फाइल एक्सेलमध्ये नुसती दुहेरी क्लिक करून उघडली, तर ०७४५ सारख्या क्रमांकातले सुरुवातीचे शून्य गळून पडते आणि देवनागरीतली नावे वाचता न येणाऱ्या चिन्हांत बदलू शकतात. फाइल थेट न उघडता ‘डेटा’ विभागातून आयात करावी, क्रमांकाचा स्तंभ ‘मजकूर’ म्हणून निवडावा आणि जतन करताना यूटीएफ-८ हा (देवनागरी अक्षरे शाबूत ठेवणारा) पर्याय घ्यावा.

प्रतिसाद: संगीत शिकवणारी

माझे उत्तर छोटे आहे. नव्या विद्यार्थ्यांचे पालक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे एका पानावर लिहून ठेवली आणि त्या पानाचा दुवा फोनमधल्या तयार उत्तरात घातला. मासिक वर्गणी लागत नाही आणि सुट्ट्यांची यादी वर्षातून एकदा बदलली की पुरते.

प्रतिसाद: लहान व्यवसायांचे हिशेब पाहणारा

ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सोय झाली की व्यवसायमालकाचे काम कमी होते आणि हिशेबनिसाचे वाढते, असे सुरुवातीला माझे मत होते. ऑर्डरी दहा असतात, परंतु बँकेत एकच रक्कम येते. ती पेमेंट गेटवेचे (ग्राहकाचे पैसे ऑनलाइन स्वीकारून आपल्या बँकेत जमा करणाऱ्या सेवेचे) शुल्क वजा होऊन आलेली असते, आणि त्यातच आधीच्या एखाद्या ऑर्डरचा परतावाही वळता झालेला असतो. बँकेतली रक्कमच ‘विक्री’ म्हणून नोंदवली, तर विक्रीही कमी दिसते आणि शुल्काचा खर्चही दिसत नाही. गेटवेचा जमा-तपशील उतरवून घेऊन ऑर्डर क्रमांकाशी जुळवणे हाच मार्ग आहे, आणि संकेतस्थळाचा ऑर्डर क्रमांक गेटवेकडे पाठवण्याची व्यवस्था पहिल्या दिवशी केली असेल, तर हे जुळवणे सूत्र लावून होते. केली नसेल, तर रक्कम आणि तारीख पाहून अंदाज बांधत बसावे लागते. मत बदलले ते या व्यवस्थेमुळे.

बिलाचा अनुक्रमांकही एकाच ठिकाणाहून निघावा. ऑनलाइन दुकान आणि बिलिंगचे सॉफ्टवेअर दोघेही आपापले क्रमांक देत असतील, तर एकाचे बंद करावे किंवा त्याच्या क्रमांकाआधी वेगळे अक्षर लावावे.

आणखी एक मुद्दा तंत्रज्ञाला विचारण्याजोगा आहे. ग्राहक पैसे भरल्यावर संकेतस्थळावर परत येण्यापूर्वीच ब्राउझर बंद करतो, असे नेहमी घडते. अशा वेळी ऑर्डर ‘पैसे मिळाले’ या स्थितीत जावी म्हणून गेटवेचा सर्व्हर आपल्या सर्व्हरला परस्पर कळवतो. याला वेबहुक म्हणतात. हीच सूचना क्वचित दोनदाही येते, त्यामुळे पैसे भरल्याचा क्रमांक आधी नोंदला गेला आहे का, हे तपासूनच पुढची कृती झाली पाहिजे. नाहीतर एका ऑर्डरच्या दोन पावत्या निघतात.

प्रतिसाद: भाषांतर सेवा

फॉर्म भरल्याची सूचना ई-मेलने येते, असे गृहीत धरून आपण निर्धास्त असतो, म्हणून थोडे ई-मेलविषयी. संकेतस्थळ ज्या सर्व्हरवर आहे, तेथूनच सुटलेली पत्रे पुष्कळदा स्पॅममध्ये पडतात, कारण ते पत्र खरोखर आपल्याच डोमेनचे (आपल्या संकेतस्थळाच्या नोंदणीकृत नावाचे) आहे हे सिद्ध करणारी नोंद नसते. एसपीएफ (आपल्या नावाने कोणते सर्व्हर पत्र पाठवू शकतात), डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) आणि डीमार्क (तपासणीत न उतरलेल्या पत्राचे काय करायचे) या तीन नोंदी डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या सार्वजनिक नोंदवहीत, घालाव्यात आणि पत्रे एखाद्या अधिकृत एसएमटीपी (ई-मेल पाठवणाऱ्या) सेवेमार्फत पाठवावीत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांना (गूगलच्या हिशेबात जीमेलवर दिवसाला ५,०००च्या घरात किंवा अधिक) या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या. आपण त्या संख्येच्या जवळपासही नसतो, तरीही जीमेलवर पत्र पोहोचण्यासाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी नोंद अपेक्षित आहेच. फॉर्मच्या पत्रात ‘प्रेषक’ म्हणून ग्राहकाचा पत्ता घालणेही टाळावे. प्रेषक आपल्याच डोमेनचा असावा आणि ग्राहकाचा पत्ता ‘उत्तर यांना’ या रकान्यात जावा.

धागाकर्तींनी उत्तरे तक्त्यात जमा होतात असे लिहिले आहे, ते यासाठीही उत्तम, कारण पत्र हरवले तरी चौकशी हरवत नाही.

प्रतिसाद: छायाचित्रण

येथे थोडा वेगळा सूर लावतो. कोणतेही साधन घेण्यापूर्वी मी त्यातून बाहेर कसे पडता येईल हे पाहतो: ग्राहकांची यादी, बुकिंगचा इतिहास आणि बिले उतरवून घेता येतात का, आणि कोणत्या स्वरूपात. सेवा बंद होतात, यात आश्चर्य काही नाही. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमधून फुकट तयार होणारी संकेतस्थळे मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ज्यांनी पत्रिकेवर तोच पत्ता छापला होता, त्यांना नवा पत्ता सर्वत्र कळवावा लागला. स्वतःच्या डोमेनचा पत्ता छापलेला असेल, तर मागचे साधन बदलले तरी पत्ता तोच राहतो. त्यासाठी डोमेनची नोंदणी संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नव्हे, तर व्यवसायाच्या नावावर आणि चालू ई-मेलवर असली पाहिजे.

दुसरे असे की प्रत्येक साधनाबरोबर एक खाते, एक पासवर्ड आणि एक वर्गणी येते. फॉर्म एकाकडे, कॅलेंडर दुसऱ्याकडे, बिले तिसऱ्याकडे आणि त्यांना एकमेकांशी बोलते ठेवणारी चौथी सेवा, असा संसार वाढत जातो, आणि मधली जोडणी तुटली तर ती तुटल्याचे कोणी सांगतही नाही. आठवड्याला मोजकीच कामे येत असतील, तर एक तक्ता आणि एक कॅलेंडर यांवर भागते, असे माझे स्पष्ट मत आहे.

धागाकर्ती

जोडणी तुटल्याचे कसे कळते, याबद्दल मी करते तेवढे लिहिते. आठवड्याच्या पहिल्या दिवशी मी स्वतःच फॉर्मवर ‘चाचणी’ या नावाने एक चौकशी पाठवते आणि ती तक्त्यात उतरली का, ई-मेल आला का आणि ग्राहकाला जाणारी पोच मिळाली का, ते पाहते. सुट्या भागांच्या विक्रीतील आपणांस एक प्रश्न आहे: काउंटरवर गर्दी असताना नोंद मागाहून केली जाते का, आणि तेवढ्या वेळात तोच नग ऑनलाइन विकला गेला तर आपण काय करता?

प्रतिसाद: यंत्रांच्या सुट्या भागांची विक्री

मागाहून नोंद करत नाही. नग कपाटातून काढणाऱ्यानेच तेथे ठेवलेल्या टॅबवर क्रमांक टाकायचा, असा नियम आहे. ज्या भागांची काउंटरवर सतत मागणी असते, त्यांच्या एकूण साठ्यातले काही नग आम्ही ऑनलाइन दाखवतच नाही, त्यामुळे नोंदीला थोडा उशीर झाला तरी ऑनलाइन ग्राहकाला नकार कळवावा लागत नाही.