मदत हवी आहे: दाखल्यावर १ जून, जन्मनोंदीत नोव्हेंबर. भाचा अल्पवयीन धरतील का?

विसर्जनाच्या रात्री, ६ सप्टेंबरला, आमच्या गावात दोन मंडळांत मारामारी झाली. बहिणीचा मुलगा त्यात होता. नुसता उभा होता असं खोटं सांगणार नाही, त्याने पाइप घातला. समोरच्या पोराच्या डोक्याला पंधरा टाके पडले. जीव वाचला, देवाची कृपा. न्याय संहितेचं कलम १०९ लागलंय, खुनाचा प्रयत्न.

पोलिसांनी शाळेतून दाखला मागवला. त्यावर जन्मतारीख १ जून २००७, म्हणजे सव्वाअठरा. त्यामुळे बाल न्याय मंडळ राहिलं बाजूला, भाचा महिनाभर जिल्हा कारागृहात आहे.

पण तो १९ नोव्हेंबरचा! बाळंतपण आमच्याकडेच झालं, त्याच्या पहिल्या आंघोळीचं पाणी मी तापवलंय. शाळेत नाव घालायला आजोबा गेले, त्यांना तारीख आठवेना, गुरुजींनी १ जून ठोकून दिली. आमच्या घरात १ जूनला चार वाढदिवस असतात, खरा एकही नाही.

साडेपाच महिन्यांचाच फरक. पण मोठा धरला तर, दुखापत झालेली असल्याने, जन्मठेपेपर्यंत शिक्षा. लहान धरला तर जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला मोठ्यांसारखं चालवायचं तर गुन्ह्याला किमान सात वर्षं शिक्षा हवी, १०९ ला तशी किमान मर्यादा नाही (सर्वोच्च न्यायालय, शिल्पा मित्तल, २०२०). एवढं मी वाचून काढलं.

शिक्षाच नको असं माझं म्हणणं नाही. पण वकील म्हणतात, बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये वयासाठी शाळेचा पुरावा पहिला, शाळेचा नसेल तरच ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, म्हणून विषय संपला. खरंच संपला का? वय ठरवायला हाडांची तपासणी मागावी का? बहीण जन्मदाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून रोज उशाशी ठेवते.

प्रतिसाद १
ताई, विषय संपलेला नाही. वय गुन्ह्याच्या दिवशीचं धरतात आणि त्याच कायद्याच्या कलम ९ प्रमाणे हा मुद्दा कुठल्याही कोर्टात, कुठल्याही टप्प्यावर काढता येतो. आत्ताच अर्ज द्या. शाळेचा पुरावा आधी हे बरोबर, पण ती तारीख कशाच्या आधारावर लिहिली हेही विचारता येतं. याच मुद्द्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा बिरदमल सिंघवी निकाल (१९८८) वकिलांना दाखवा. शाळेचं जनरल रजिस्टर आणि प्रवेशअर्ज कोर्टाकडून मागवून घ्या, आजोबा असतील तर त्यांची साक्ष. हाडांच्या मागे लागू नका. त्यात वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात, तुमचा वाद महिन्यांचा आहे.
एकच सांगा, ग्रामपंचायतीतली नोंद तेव्हाचीच आहे की मागाहून करून घेतलेली? मागाहूनची असेल तर सरकारी वकील तिथेच धरतील.

धागाकर्ती
दादा, आत्ताच पिशवी उघडून पाहिली. नोंदणी दिनांक २६ नोव्हेंबर २००७. आजोबा आहेत, ऐकू कमी येतं, पण बोलतील. सोमवारी वकिलांकडे जाते.